अठ्ठावीस इंच

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे आपल्या घरात. 'आपल्या' ह्या शब्दाखाली मी मुद्दाम दोनदा रेघ मारली आहे, कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. एकोणीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः राहिलो भाड्याच्या खोल्यांत. सात घरमालक झाले. एकाला भिंतीत खिळा ठोकलेला चालायचा नाही, एकीला आमच्या ठकीचं रडणं खपायचं नाही, एक तर दर रविवारी येऊन नळ नीट बंद आहेत का ते बघून जायचा. आता कुणाची टाप आहे! सामान उतरलं आणि मी पहिलं काम काय केलं, तर पुढच्या खोलीत मधोमध एक खिळा ठोकला. टांगायला काही नाही. नुसता ठोकला. ही म्हणाली, पोरकटपणा पुरे झाला, आधी पलंगाचे स्क्रू कुठे टाकलेत ते शोधा.

घर बैठं आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, आमची खोली आणि ठकीची खोली. समोर चार पावलांचं अंगण आणि लोखंडी फाटक. ठकी आता आठ वर्षांची आहे. कागदोपत्री नाव वेगळं, पण ते शाळेपुरतं. तिने आल्या आल्या आपली खोली पावलांनी मोजून काढली आणि मला येऊन सांगितलं की पलंग ठेवला तर टेबल बसत नाही आणि टेबल ठेवलं तर ठकी बसत नाही. शेवटी बापाची लेक! मी शब्द दिलाय, काहीतरी करतो म्हणून.

४ फेब्रुवारी

नव्या ऑफिसात रुजू झालो. साहेब माणूस बरा आहे, फक्त एकदा खुर्चीत बसला की संध्याकाळीच उठतो. मागच्या ऑफिसात मला 'इंचराव' म्हणायचे. ते नाव माझ्याआधी इथे पोहोचलेलं दिसतं, कारण शिपायाने चहा ठेवताना विचारलं की कप टेबलाच्या कडेपासून बरोबर अंतरावर आहे ना. हसलो. आपल्याला काय, आपण हसतो. कामात मात्र हसत नाही.

काम असं आहे की ह्या गावाचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे आहेत, आणि कॉम्प्युटरला न मिटणारा नकाशा चालत नाही. एका सरकारी दगडापासून निघालं, घरामागून घर मोजत गेलं, की पुढच्या सरकारी दगडाशी बेरीज जुळली पाहिजे. त्याला आम्ही नकाशा मिटला म्हणतो. इथला एक नकाशा मिटेल तर शपथ! दर गल्लीत थोडं काहीतरी उरतंच. दप्तरवाल्या बाई बत्तीस वर्षं हे नकाशे सांभाळतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आधीचे सगळे सोडत आले. एवढं बोलून त्या पुन्हा गठ्ठा बांधायला लागल्या. बाईंना शब्दांची टंचाई असावी.

७ फेब्रुवारी

आमचं घर आणि शेजारच्या टेलरमास्तरांचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. आधी नजरेने सांगितलं अठ्ठावीस इंच, मग फीत लावली. अठ्ठावीस! ही म्हणाली, धन्य आहे.

पण बोळ विचित्र आहे. दोन्ही घरांना त्या बाजूला एकही खिडकी नाही. आत कचरा नाही, गवताची काडी नाही, मांजर फिरकत नाही. अशी जागा दिसली की माणसं हमखास कचरा टाकतात, हा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. ठकीचा चेंडू आत गेला तर गल्लीतली पोरं तिला म्हणाली, राहू दे, आता तो तुझा नाही, नवा घे. मास्तरांना विचारलं बोळ कुणाचा. तोंडात टाचण्या धरूनच त्यांनी सांगितलं की कुणाचाच नाही. मी त्यांना बजावलं की कुणाचीच नाही अशी जागा जगात नसते, फक्त कामचुकार मोजणीदार असतात. ते म्हणाले, असेल बुवा.

संध्याकाळी घराची कागदपत्रं काढून बसलो. माझ्या नावाच्या वर 'धारक' छापलंय, 'मालक' नाही. उद्या साहेबांना विचारतो.

८ फेब्रुवारी

विचारलं. साहेब म्हणाले, मालक कुणालाच लिहीत नाहीत. आपल्या ऑफिसने आजवर एकदाही तो शब्द लिहिलेला नाही. जमीन कोण धरून बसलंय तेवढंच आपण लिहितो, पुढचं आपल्याला काय ठाऊक? असं म्हणून ते मोठ्याने हसले. मला नाही हसू आलं. उभी हयात घालवून घर घ्यायचं आणि वर हे ऐकायचं.

११ फेब्रुवारी

आमच्याच गल्लीचा नकाशा टेबलावर आला. बोळाच्या जागी पेन्सिलीने लिहिलंय, 'सोडावे'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'सोडावे', मग तिसऱ्या, मग चौथ्या. चार पिढ्यांचे चार मोजणीदार आणि एकालाही मेहनत नको! नियमाचं पुस्तक माझं पाठ आहे. अडीच फुटांच्या आतली तफावत मोजणीदाराने आपल्या अधिकारात दोन्ही शेजाऱ्यांत समान वाटून मिटवावी. अठ्ठावीस इंच म्हणजे अडीच फुटांच्या आत. चौदा त्यांना, चौदा आम्हाला.

एक गोष्ट लिहून ठेवतो, निदान वहीत तरी खोटं नको. दोन शेजाऱ्यांपैकी एक मीच आहे, हे साहेबांना सांगायला हवं होतं. साहेब फोनवर होते, त्यांनी न बघता सही केली आणि मी तोंड उघडलं नाही. ठकीच्या टेबलाची जागा डोळ्यांसमोर होती.

शिक्का मागायला गेलो तर दप्तरवाल्या बाईंनी तो माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, सगळंच वाटून टाकलं तर ज्याचं आहे त्याने उभं कुठं राहायचं? मी विचारलं, ज्याचं म्हणजे कुणाचं? त्या म्हणाल्या, ते नाव कधी दप्तरात आलं नाही. बत्तीस वर्षं धुळीत बसल्यावर माणसाचं असं होणारच. मी शिक्का मारला. नकाशा मिटला. काय सुंदर दिसतो मिटलेला नकाशा!

१६ फेब्रुवारी

गवंडी लावला. मास्तरांनाही आयते चौदा इंच मिळाले म्हणून ते खूश. दोघांनी मिळून बोळाच्या मध्यावर एक सामाईक भिंत घातली आणि आपापल्या जुन्या भिंती पाडल्या. त्यांनी कापड बेतायचं टेबल तिकडे सरकवलं. मी ठकीच्या खोलीत भिंतीच्या कडेने चौदा इंच रुंदीचा लांबलचक बाक करून घेतो आहे, वर गादी आणि डोक्यावर पुस्तकांची फळी. गंमत म्हणजे गवंड्याची थापी काल तिथे राहिली. आज तो नवी घेऊन आला. मी म्हटलं, अहो, ही काय तुमची! त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, छे, माझी नव्हे. मुठीवर त्याच्याच नावाचं अक्षर कोरलेलं होतं. काल संध्याकाळी जरा जास्त झाली असेल त्याला.

२१ फेब्रुवारी

बाक झाला. ठकी त्यावरून उठायलाच तयार नाही. शाळेतून आली की दप्तर तिथे, खाऊ तिथे, पुस्तक वाचत लोळणं तिथे. जाता येता तिचे पाय तेवढे दिसतात. माझ्या गळ्यात पडून म्हणाली की बाबा, हे जगातलं सगळ्यात माझं ठिकाण आहे. माझ्या लहानपणी आम्ही सहा भावंडं एका खोलीत होतो, मला स्वतःची खुंटीसुद्धा नव्हती. तिला काहीतरी देता आलं. माणूस आणखी कशासाठी राबतो?

२५ फेब्रुवारी

ऑफिसात खिशात एक पेन सापडलं. टोपण चावलेलं, काळं. कुणाचं म्हणून सगळ्या टेबलांवर विचारत फिरलो. शिपाई मला वेड्यात काढायला लागला. घरी येऊन हिला दाखवलं तर ती बघतच राहिली. म्हणाली, एकोणीस वर्षं ह्याच पेनाने लिहिताय, टोपण तुम्हीच चावलंय. मग आठवलं. म्हणजे मान्य केलं. आठवलं असं नाही म्हणता येणार.

काल ते ठकीच्या बाकावर विसरलो होतो.

२८ फेब्रुवारी

मास्तरांकडे सकाळपासून आरडाओरडा. कुणाचा कोट कुणाला, कुणाचं परकर पोलकं कुणाला. तीस वर्षं ज्यांनी गिऱ्हाईक बघून माप सांगितलं, ते टेबलावरचा एकेक कपडा उचलून विचारत होते की हा कुणाचा? शेवटी स्वतःच्याच अंगातलं जाकीट काढून गिऱ्हाइकांपुढे धरलं. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. मीही हसलो नाही.

२ मार्च

ठकीच्या बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवली. तिने दप्तर वर्गातच ठेवलं आणि सांगितलं की हे त्या मुलीचं आहे, तिला देऊन टाका. कुठली मुलगी? तर जिचं नाव वर लिहिलंय ती. मी जरा चढ्या आवाजात विचारलं की हा काय चावटपणा. ती घाबरून उभी राहिली आणि सॉरी म्हणाली. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही. आम्ही भांडतो आणि जेवायला बसतो.

३ मार्च

सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि हिला म्हणाली, काकू, पाणी घेऊ का?

हिला वाटलं, खेळ आहे. ही म्हणाली, घ्या हो पाहुण्याबाई. ठकीने पाणी पिऊन भांडं विसळून पालथं घातलं. चार वर्षं ओरडतोय आम्ही भांडं विसळण्यावरून. ही माझ्याकडे बघायला लागली, तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

५ मार्च

डॉक्टरांनी तपासलं. डोळे, कान, जीभ, सगळं ठीक. सतरा आठे, नद्यांची नावं, पाठ झालेली कविता, सगळं घडाघडा सांगते. आई कोण, बाप कोण विचारलं की नम्रपणे गप्प बसते. परक्याच्या घरात अवघड प्रश्न आल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, नवं गाव, नवी शाळा, होतं असं.

घरी आल्यावर चप्पल पायात घालूनच पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली. मी विचारलं, कुठे जायचंय का? ती म्हणाली, मला न्यायला कुणी येणार आहे ना?

मी खाली बसून तिच्या पायांतल्या चपला काढल्या.

६ मार्च

रजा टाकली. आता मी मोजणीदार म्हणून लिहितो, बाप म्हणून नाही, नाहीतर लिहिताच येणार नाही.

घराची किल्ली बाकावर ठेवली, शंभर आकडे मोजले, उचलली. ओळखीची वाटली नाही. पुढच्या खोलीत ठेवून उचलली, माझी. माझा चश्मा बाकावर. उचलला तर कुणाचा तरी चश्मा. बाकाखाली जमिनीवर ठेवला तरी तेच. बाकाच्या पुढे एक इंच, माझा. जुनी भिंत जिथे होती, बरोबर तिथे रेषा पडते. अलीकडे सगळं माझं. पलीकडे कशाचंच काही कुणाचं नाही. मी चौदा इंचांवर खडूने रेघ ओढली आणि वर तारीख घातली.

ठकी त्या बाकावर रोज तीन तीन तास लोळत होती. मी करून दिलेल्या बाकावर.

७ मार्च

रेघ सरकली. बावीस इंच.

खडूची रेघ जागेवरच आहे, सरकली ती न दिसणारी हद्द. सकाळी टेबलाचा पाय आत आला. टेबल परक्याचं वाटतं.

हिला सगळं सांगितलं. साहेबांची सही, माझं गप्प बसणं, सगळं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती नाही ओरडली. म्हणाली, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. आणि ठकीचे कपडे पिशवीत भरायला लागली. त्या दोघी हिच्या भावाकडे जातात. ठकी त्या बाकापासून जितकी लांब जाईल तितकी बरी.

८ मार्च

गेल्या दोघी. फाटकाशी ठकी वळली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, काका, तुमच्याकडे छान वाटलं.

मी हात हलवला. दुसरं काय करणार? आत येऊन तोंडात रुमाल कोंबून रडलो.

९ मार्च

एकेचाळीस इंच. ठकीची अर्धी खोली गेली.

टेलरमास्तर सकाळपासून स्वतःच्या पायरीवर बसून आहेत. मी जवळ गेलो तर विचारतात, हे दुकान कुणाचं हो? छान चालत असेल. मी म्हटलं, तुमचंच. त्यांनी अदबीने मान हलवली, जसं माणूस थट्टा कळून न कळल्यासारखं करतो. मशीन आत तसंच उघडं. सुईत दोरा ओवलेला.

एक गोष्ट आणखी. त्या खोलीत गेलं की अंग चोरावंसं वाटतं. गर्दीत कुणाला वाट द्यावी तसं. काही दिसत नाही. पण कुणीतरी उभं आहे, आणि आपण त्याच्या पायावर पाय दिलाय.

१० मार्च

दप्तरवाल्या बाईंच्या पुढे जाऊन उभा राहिलो. वहीत मी त्यांना धुळीत बसलेल्या म्हटलं होतं, हे त्यांना ठाऊक नाही, तेवढंच नशीब. हात जोडले.

त्यांनी बसायला सांगितलं आणि बत्तीस वर्षांत बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. जमीन आपली नसते. ती ज्याची आहे तो चालवून घेतो. आपण घरं बांधतो, वाटण्या करतो, भांडतो, तो हूं की चूं करत नाही, फक्त उभं राहण्यापुरती जागा लागते. तेवढी दर गल्लीत सोडायची, एवढी एकच रीत जुन्या लोकांनी पाळली. तुम्ही तीही मिटवलीत, आता तो आत येऊन उभा राहिला. त्याच्या पायाखाली जे येईल ते मग दुसऱ्या कुणाचं कसं राहील?

उपाय विचारला. त्या म्हणाल्या, ज्याने मिटवलं त्यानेच सोडायचं. हद्दीचे दगड पुन्हा घालायचे, नकाशात पेन्सिलीने लिहायचं. मी म्हटलं, आजच अठ्ठावीस इंच सोडतो. त्या म्हणाल्या, मास्तरांचे चौदा आता कुणाचेच नाहीत, ते परत कोण देणार? तुम्हालाच भरून द्यावं लागेल. किती? तर तुम्ही जेवढं 'माझं' म्हणता तेवढं.

म्हणजे घर. अख्खं घर.

१० मार्च, संध्याकाळ

आजचा दिवस विचार करतो. लाज वाटते लिहायला, पण विचार करतो. सात घरमालक. एकोणीस वर्षं. ठकी मामाच्या घरी बरी होईल आपोआप, कदाचित. लांब आहे ती. कदाचित इथे भिंत घालून, एवढी एक खोली देऊन —

११ मार्च

मास्तर पायरीवर नाहीत. कुठे गेले कुणाला माहीत नाही. कुणी विचारतही नाही. मी गल्लीत तिघांना विचारलं. तिघांनी विचारलं, कोण मास्तर?

स्वयंपाकघराचा ओटा आत आला. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवतोय, 'माझं', 'माझं', 'माझं'. अक्षर कुणाचं आहे कळत नाही.

१२ मार्च

हिचा फोन आला. नुसती रडत होती. शेवटी भावाने सांगितलं. बाजारात ठकीने हिचा हात सोडला आणि एका अनोळखी बाईचा धरला. बाई चालायला लागली तशी ठकीही चालायला लागली. चौकापर्यंत पोहोचली होती. पकडून आणली तर शांतपणे म्हणाली, त्यांनी हात पुढे केला होता ना.

कुणाचीच नसलेली पोर. जो हात पुढे करेल त्याची. आज बाई होती. उद्या कोण असेल?

बस्स. खड्ड्यात गेलं घर.

१३ मार्च, सकाळी

सामान जमवलं. चार दगड, पहार, फीत, ओळंबा. नकाशा दप्तरवाल्या बाईंनी स्वतः आणून दिला. पद्धत अशी की हद्द घालताना धारकाने जमिनीवर उभं राहायचं आणि मोजणीदाराने दगड बसवायचे. शेवटच्या दगडाआधी धारकाने बाहेर पडायचं, नंतर आत जे उरेल ते सोडलेलं. बाई म्हणाल्या, दोन माणसं लागतात त्याला, दगड दुसऱ्या मोजणीदाराकडून बसवून घ्या, मी एकाला सांगते. मी नको म्हटलं. दुसऱ्याचा दगड अर्धा इंच तरी तिरका बसतोच, आणि माझ्या पोरीच्या बाबतीत मला अर्धा इंच चालणार नाही. शेवटचा बसवला की दोन ढांगांत फाटकाबाहेर येईन. बाई जाताना मागे वळून बघत होत्या.

साडेदहा

पहिला दगड, फाटकाच्या डाव्या अंगाला. ओळंब्यात. हिला फोन केला. ठकी दूध पिताना हिला म्हणाली, साय काढ. 'काढा' नाही. 'काढ'.

सव्वाअकरा

दुसरा. मागच्या कोपऱ्यात. जमीन मऊ लागते. पहार हातात अवजड, कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.

फोन. ठकीने दप्तर मागितलं. माझं दप्तर कुठंय म्हणाली. माझं! ही हसते आहे, रडते आहे, दोन्ही.

बारा वाजून गेले

तिसरा. ती आई म्हणाली. आईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, बाबा कुठे आहेत, मला बाबांकडे जायचंय. ही म्हणते, आत्ताच निघतो, तासाभरात पोहोचतो, तुम्ही फाटकाबाहेर थांबा, आत थांबू नका. मी हो म्हटलं. ठकी पलीकडून ओरडली, बाबा, तुम्ही थांबा हं!

थांबतो गं, पोरी. हा एक दगड राहिला. एक.

भिंतींवर चिठ्ठ्या आहेत. पुष्कळ. 'माझं' म्हणून. कोण हा माणूस? केवढी हाव —

नाही. मीच. मीच लिहिल्या. विसरायचं नाही. चौथा दगड, बाकाजवळ, मग दोन ढांगा, फाटक, बाहेर. चौथा दगड, दोन ढांगा, फाटक. तळहातावर लिहून ठेवतो.

नंतर

चौथा बसला. ओळंब्यात. सुरेख बसला आहे. नकाशावर पेन्सिलीने 'सोडावे' लिहिलं.

आता किती मोकळं वाटतं इथे. अंग चोरावंसं वाटत नाही. कुणाच्या पायावर पाय नाही.

तळहातावर काहीतरी लिहिलंय. फाटक. कुणाचं फाटक?

नंतर

बाहेर एक बाई आणि एक मुलगी आल्या आहेत. दगडापाशी उभ्या आहेत, आत पाऊल टाकत नाहीत. बाईने तोंडाला पदर लावलाय. मुलगी 'बाबा, बाबा' म्हणून हाका मारते. केव्हाची मारते आहे. सरळ इकडेच बघते. आवाज गोड आहे. ज्याची असेल त्याचं नशीब थोर.

घसा बसेल पोरीचा. कुणीतरी ओ द्यायला हवी. मी उठून सगळ्या खोल्या बघून आलो, दाराआड बघितलं, बाकाखाली बघितलं. तिला जाऊन सांगायला हवं की बाळ, इथे तर कुणीच —